फ्लॅशबॅक मोजू नका, आठवण कोण सांगतंय ते बघा

मागच्या आठवड्यात पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीचा मेसेज आला. "ताई, 'मराठी कथनसाहित्यातील फ्लॅशबॅक' हा विषय पीएच.डी.ला चालेल का? उदाहरणं भरपूर आहेत." मी उत्तर लिहायला घेतलं आणि दोनदा खोडलं. कारण तीन वर्षांपूर्वी जवळपास हाच विषय घेऊन मी माझ्या मार्गदर्शकांसमोर बसले होते. तेव्हा काय झालं ते सांगितल्याशिवाय 'चालेल' किंवा 'नाही चालणार' असं म्हणण्यात अर्थ नाही. म्हणून हे लांबलचक उत्तर. तिच्यासाठी आणि सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी.

माझा तक्ता आणि 'मग काय?'

मी काय केलं होतं? काही कादंबऱ्या आणि नाटकं निवडली आणि एक मोठा तक्ता बनवला. कृतीचं नाव, भूतकाळ कोणत्या पानावर सुरू होतो, कुठे संपतो, एकूण किती पानं. दोन महिने घालवले त्यात. जुईनगरहून सकाळची लोकल पकडायची आणि बसायला जागा मिळाली की पुस्तकात पेन्सिलने खुणा करायच्या. तक्ता सुंदर झाला होता, रंगबिरंगी. मॅडमनी तो शांतपणे शेवटपर्यंत पाहिला आणि खाली दोनच शब्द लिहिले : 'मग काय?'

राग आला, खोटं कशाला बोलू. पण घरी येऊन परत पाहिला तेव्हा पटलं. माझ्या तक्त्यातून एवढंच कळत होतं की लेखक गोष्ट सांगताना मागे जातात. ते कोणत्याही वाचकाला माहीत असतं. ते का जातात, कोणाला सोबत घेऊन जातात, परत येताना काय बदललेलं असतं, यातलं काहीच तक्त्यात नव्हतं. मी फ्लॅशबॅक मोजले होते, आठवणीचा अभ्यास केलाच नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे समजायला मला पुढचं वर्ष लागलं. तुम्हाला तेवढं लागू नये.

आधी पाया : गोष्ट आणि सांगणं

घरी उशिरा पोचल्यावर दारातच आई विचारते, "आत्ता येतेयस?" मग आपण सांगतो की सानपाड्याला गाडी पाऊण तास उभी होती. आता बघा, घडलं कसं? आधी गाडी थांबली, मग दार आलं. सांगितलं कसं गेलं? आधी दार, मग गाडी. घडण्याचा क्रम आणि सांगण्याचा क्रम वेगळे झाले.

रशियन रूपवाद्यांनी १९२० च्या दशकात यालाच फाबुला आणि स्यूझेत असं म्हटलं. फाबुला म्हणजे घटना जशा घडल्या त्या क्रमातली गोष्ट. स्यूझेत म्हणजे ती आपल्यापुढे मांडली गेली तो क्रम. पुढे फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेत यांनी १९७२ साली या फरकाची नीट यंत्रणा उभी केली. त्यांनी मागे जाण्याला ॲनालेप्सिस आणि पुढचं आधी सांगण्याला प्रोलेप्सिस अशी नावं दिली. 'फ्लॅशबॅक' हा सिनेमाच्या भाषेतून आलेला शब्द. मराठीत काही जण 'पूर्वदीप्ती' म्हणतात. शब्द कोणताही वापरा, पण एकदा ठरवला की प्रबंधभर तोच वापरा.

जेनेतकडून दोन मापं नक्की घ्या. पहिलं पल्ला : सांगण्याच्या क्षणापासून आपण किती मागे गेलो? दुसरं विस्तार : मागे गेल्यावर किती काळ व्यापला? कादंबरीत वीस वर्षं मागे जाऊन एकच संध्याकाळ सांगितली, तर पल्ला वीस वर्षांचा आणि विस्तार एका संध्याकाळचा. शिवाय बाह्य आणि अंतर्गत हा भेद लक्षात ठेवा. मूळ कथन सुरू होण्याच्या आधीचा काळ आला तर बाह्य. मूळ कथनाच्या आतलाच, पण तेव्हा वगळलेला भाग नंतर आला तर अंतर्गत. रहस्यकथेत शेवटी गुप्तहेर 'त्या रात्री खरं काय झालं' ते सांगतो. ती रात्र गोष्टीत आधी येऊन गेलेली असेल, तर तो अंतर्गत.

नेट-सेटला एवढं पुरतं. संशोधनाला पुरत नाही. कारण ही मापं 'किती' सांगतात, 'कशासाठी' सांगत नाहीत. माझा तक्ता नेमका इथेच थांबला होता.

एक नेहमीचा गोंधळ

मौखिक परीक्षेत हमखास विचारतात : "म्हणजे 'कोसला' ही अख्खी कादंबरी फ्लॅशबॅक आहे का?" भालचंद्र नेमाड्यांच्या या कादंबरीत (१९६३) पंचवीस वर्षांचा पांडुरंग सांगवीकर सुरुवातीलाच स्वतःची ओळख करून देतो आणि मग बालपण, पुण्यातलं कॉलेज, गावाकडे परतणं हे सगळं सांगतो. सगळंच मागचं आहे. मग फ्लॅशबॅक का म्हणायचं नाही?

कारण फ्लॅशबॅक म्हणायचं तर आधी एक चालू गोष्ट हवी आणि तिच्यातून मागे जायला हवं. 'कोसला'त पंचविशीतला पांडुरंग बोलतो खरा, पण त्याच्या बोलण्याच्या त्या क्षणाची वेगळी अशी गोष्ट फारशी चाललेली नाही. म्हणून याला पश्चात निवेदन म्हणणं जास्त अचूक. घडून गेल्यानंतर केलेलं निवेदन. हा फरक नावापुरता नाही. पश्चात निवेदनात विचारायचं की आजचा पांडुरंग कालच्या पांडुरंगाकडे कोणत्या सुरात बघतो. फ्लॅशबॅकमध्ये विचारायचं की चालू गोष्ट या आठवणीमुळे कुठे वळली. प्रश्न बदलला की सगळं प्रकरण बदलतं.

'श्यामची आई' : एका आठवणीचे तीन काळ

आता असं पुस्तक घेऊ जे आपल्या सगळ्यांच्या घरात असतं आणि म्हणूनच आपण नीट बघत नाही. साने गुरुजींचं 'श्यामची आई'. याची रचना आठवा. प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावं आहेत. अशा ४२ रात्री. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो.

म्हणजे एक काळ कोकणातल्या बालपणाचा, जिथे आई आहे. दुसरा काळ आश्रमातल्या रात्रींचा, जिथे आई नाही पण ऐकणारी मंडळी आहेत. आणि तिसरा काळ पुस्तकाबाहेरचा : गुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं. घरापासून तुटलेला, स्वातंत्र्यलढ्यातला एक कैदी आईबद्दल लिहितो आहे.

माझ्या जुन्या तक्त्यात या पुस्तकापुढे काय लिहिलं होतं माहितीये? 'जवळपास संपूर्ण भूतकाळ.' बस. यात रात्रीच हरवल्या! श्याम मनातल्या मनात आठवत नाही, तो कोणाला तरी सांगतो, आणि ऐकणारी मुलं-माणसं त्याच्याकडून काहीतरी शिकणार आहेत. म्हणून प्रत्येक आठवण एका शिकवणुकीच्या दिशेने जाते. लहानपणी आईचं वागणं त्या पोराला टोचलं असेल, तो चिडला असेल. पण रात्री सांगताना त्या प्रसंगाचा अर्थ आधीच ठरलेला असतो. बालपणीचा राग आणि मोठेपणीची कृतज्ञता एकाच वाक्यात येतात. पुस्तक वाचताना आपले डोळे भरून येतात ते या दोन काळांच्या फटीमुळे. नुसतं बालपण सांगितलं असतं तर ती एक चांगली बालकथा झाली असती.

आचार्य अत्र्यांनी १९५३ साली यावर चित्रपट केला आणि त्याला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. तो परत बघाल तेव्हा एक काम करा. पुस्तकातल्या 'रात्रीं'चं पडद्यावर काय होतं ते बघा. पानावर 'मी सांगतो' असतं. पडद्यावर प्रसंग थेट डोळ्यांसमोर घडतो. सांगणारा मागे सरकला की आठवण 'घटना' होऊन बसते. पुस्तकाचा चित्रपट होताना आठवणीचं काय होतं, हा एकट्या एम.ए.च्या प्रकल्पाला पुरेल एवढा प्रश्न आहे.

फ्लॅशबॅक नसलेली आठवण

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली रंगभूमीवर आलं. माझ्या तक्त्यात याच्यापुढे शून्य होतं. खरंच, या नाटकात एकही प्रवेश मागच्या काळात घडत नाही. सगळं एका गावातल्या सभागृहात, एका दुपारी-संध्याकाळी. नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला उभा करतात आणि लीला बेणारेला आरोपी करतात.

आणि तरी नाटकभर आपण बेणारेच्या भूतकाळाशिवाय दुसरं काही बघतच नाही. तो येतो कुठून? साक्षीदारांच्या तोंडून. ज्यांनी काही पाहिलं ते सांगतात, ज्यांनी पाहिलं नाही ते अंदाजाने सांगतात. सामंत तर एका कादंबरीतून उचलून साक्ष देतो आणि तीही खऱ्याला जाऊन भिडते! जो प्राध्यापक दामले या सगळ्याच्या मुळाशी आहे, तो रंगमंचावर येतच नाही. शेवटी बेणारे स्वतः दीर्घ स्वगत बोलते, पण तेव्हा बाकीची पात्रं गोठलेली असतात. म्हणजे जिची आठवण आहे, तिची साक्ष कोर्टात नोंदलीच जात नाही.

इथे मला पहिल्यांदा कळलं की आठवणीला मालकी असते. एखाद्याचा भूतकाळ त्याच्याकडून काढून घेऊन इतरांनी सांगणं हीसुद्धा हिंसा असू शकते. तेंडुलकरांनी बेणारेचा भूतकाळ फ्लॅशबॅकमध्ये दाखवला असता, तर आपल्याला 'खरं' कळलं असतं आणि आपण निवांत झालो असतो. तो न दाखवल्यामुळे आपण त्या साक्षीदारांच्याच रांगेत बसतो. शून्य लिहून मी तक्त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं घर रिकामं ठेवलं होतं.

याच्याशेजारी दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) ठेवा. तिथे सुरुवातीलाच दगडू मारुती पवार आणि दया पवार अशी एकाच माणसाची दोन रूपं समोरासमोर येतात. दगडू सांगतो, लेखक ऐकतो. गावकुसाबाहेरचं आणि मुंबईच्या वस्तीतलं आयुष्य जगलेला दगडू, आणि शिकून-सवरून पांढरपेशा जगात आलेला लेखक. बेणारेची आठवण इतर लोक हिसकावतात. इथे माणूस आपलीच आठवण आपल्यालाच परत मागतो आहे. दोन्हीकडे विचारायचा प्रश्न एकच : कोण सांगतंय आणि ऐकायला कोण बसलंय?

आठवण ही साठवण नाही

'आठवण' म्हटलं की आपल्यापुढे पेटी येते. आत ठेवलं, झाकण उघडलं, जसंच्या तसं बाहेर काढलं. मानसशास्त्र म्हणतं, असं होत नाही. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक अनोळखी लोककथा वाचायला दिली आणि नंतर ठरावीक काळाने आठवून लिहायला लावली. लोकांनी ती छोटी केली, न समजलेले भाग गाळले, परक्या गोष्टींच्या जागी ओळखीच्या घातल्या. आठवताना ते कथा नव्याने रचत होते. त्याआधी १९२५ साली फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी मांडलं होतं की आपण एकटे आठवत नाही. कुटुंब, धर्म, वर्ग यांच्या चौकटीत आठवतो.

हे वाचून मी माना डोलावल्या होत्या, टिपणंही काढली होती. आणि तरी एक चूक केली.

आमच्या जुईनगरच्या शेजारी शिरवणे गाव आहे. तिथल्या एका आजींशी माझी ओळख झाली. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी या पट्ट्यातल्या जमिनी घेतल्या गेल्या. आजींच्या सासरचं शेतही त्यात गेलं. त्या फार छान सांगायच्या. मी एकदा त्यांच्या परवानगीने रेकॉर्डिंग सुरू केलं. त्या म्हणाल्या, आमचं शेत गेलं ते जासईला गोळीबार झाला त्याच साली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं ते आंदोलन जानेवारी १९८४ मधलं. त्यात पाच शेतकऱ्यांचा जीव गेला. पण त्यांच्याच घरातला कागद मी पाहिला होता. त्यावरची तारीख सत्तरच्या दशकातली. मी हुशारी केली. म्हटलं, "आजी, नाही हो, शेत त्याच्या कितीतरी आधी गेलं. कागदावर आहे ना."

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. "असेल पोरी. तू शिकलेली आहेस." आणि उठून आत गेल्या. पुढे बोलणं झालं, चहाही झाला, पण शेताबद्दल त्या परत बोलल्या नाहीत. ते रेकॉर्डिंग माझ्या त्या वाक्यावर संपतं. आजी आता नाहीत.

त्यानंतर काही महिन्यांनी इटालियन अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचं काम वाचलं आणि मान खाली गेली. तेर्नी या पोलादाच्या गावात लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९ साली पोलिसांच्या गोळीने मेला. निदर्शनं होती इटलीच्या नाटोप्रवेशाविरुद्ध. पण अनेक कामगारांनी पोर्तेल्लींना सांगितलं की तो १९५३ मधल्या कामगारकपातीच्या लढ्यात मेला. पोर्तेल्लींनी त्यांना दुरुस्त केलं नाही. त्यांनी विचारलं, इतके लोक एकच 'चूक' का करतात? त्यांचं उत्तर असं की नोकऱ्या जाण्याचा लढा हा त्या गावाच्या आयुष्यातला खरा मोठा प्रसंग होता. आपल्या माणसाचं मरण त्या प्रसंगात नेऊन ठेवलं की त्याला अर्थ येतो. तारीख चुकली, पण चूक कुठे जाऊन बसली हाच पुरावा.

मग मला आजींचं वाक्य वेगळं ऐकू यायला लागलं. कागदावर शेत गेलं तेव्हा काहीच घडलं नसेल. एक नोटीस, एक सही. लोक उभे राहिले, रक्त सांडलं ते १९८४ साली. शेत 'गेलं' असं म्हणण्याजोगा प्रसंग कदाचित तोच असेल. हा माझा अंदाज आहे. खात्री करता आली असती, आजींना फक्त "ते साल कसं होतं?" एवढंच विचारायचं होतं.

आपल्याकडे हे भान जुनं आहे. चक्रधरस्वामींच्या नंतर, तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून आणि इतर अनुयायांकडून आठवणी गोळा केल्या. त्यातून 'लीळाचरित्र' उभं राहिलं. महानुभाव परंपरेने एकाच लीळेचे वेगळे पाठ पुसून टाकले नाहीत. कोणाच्या आठवणीत ती कशी होती ते नावानिशी जपलं. त्यातला 'एकांक' हा भाग पाहा. स्वामी एकटे हिंडत होते तेव्हाच्या त्या लीळा. सोबत कोणी नव्हतं, म्हणजे त्या पुढे स्वामींच्याच सांगण्यातून अनुयायांना कळल्या. पण ग्रंथात त्या काळाच्या क्रमाने आधी येतात. मुळात आठवण म्हणून सांगितलेलं, संपादनात सरळ क्रमात बसलेलं. मराठी गद्याच्या पहिल्याच मोठ्या ग्रंथात हा प्रश्न तुमची वाट बघतोय.

आता तक्ता कसा करायचा

तक्ता वाईट नसतो, रकाने चुकलेले असतात. मी आता प्रत्येक आठवणीसाठी पान क्रमांक, पल्ला आणि विस्तार लिहितेच. पण त्याच्यापुढे हे पाच प्रश्न असतात :

१. कोण आठवतंय? ज्याचा भूतकाळ तोच, की दुसरं कोणी?

२. कोणाला सांगतंय? मित्र, न्यायाधीश, स्वतः, वाचक, की कोणालाच नाही?

३. कशाने आठवलं? वास, जागा, प्रश्न, आरोप, की निवेदकाची सोय?

४. याच प्रसंगाची दुसरी आवृत्ती कृतीत आहे का? असेल तर दोन्ही शेजारी लिहा, खरी-खोटी ठरवू नका.

५. आठवण संपल्यावर चालू गोष्टीत काय बदललं? काहीच नाही, असं उत्तर आलं तर तेही लिहा. कदाचित तो फ्लॅशबॅक निव्वळ माहिती देण्यासाठी असेल.

सुरुवातीला एकच कृती घ्या आणि तिच्यातल्या दहाच आठवणींवर हे करून बघा. चौथा आणि पाचवा रकाना भरताना हात अडखळला की समजा, तिथे तुमचा संशोधनप्रश्न आहे. ज्यांना मुलाखती घ्यायच्या आहेत त्यांनी आणखी एक नियम पाळा. समोरचं माणूस सांगत असताना तारीख दुरुस्त करायची नाही. वहीच्या कडेला खूण करा, घरी जाऊन कागदाशी ताडून बघा आणि दोन्ही तारखा प्रबंधात लिहा.

आणि त्या मुलीला उत्तर. 'मराठी कथनसाहित्यातील फ्लॅशबॅक' हा विषय समिती कदाचित मंजूरही करेल, पण तीन वर्षांनी तुझ्याकडे माझ्यासारखा रंगीत तक्ता उरेल. त्याऐवजी चार-पाच कृती घे आणि विचार : 'यांत आठवण कोण सांगतं, कोणापुढे, आणि ऐकणाऱ्यामुळे ती कशी बदलते?' शीर्षक नंतर सुचेल. तुझा पहिला मसुदा झाला की पाठव. मी खाली पेन्सिलने 'मग काय?' लिहिलं तर रागावू नकोस.